मोहबर्डीचा भोंगा

भोंगा वाजला नाही म्हणजे वाघ नाही, हे आमच्या मोहबर्डीत पह्यल्यांदा कोण बोललं ते मले एकदा पाहाचं हाये. सापडलं ना ते माणूस, तर त्याले नाल्यात उभं करीन अन् म्हणीन, थांब आता इथंच. माह्या तोंडाले लगाम नाही असं माय म्हणते. नसू दे. त्या दिवशी मी जे भोगलं ते ज्यानं भोगलं नाही, त्यानं मले शिकवू नये.

सुरुवातीपासून सांगते. मोहबर्डी माहं गाव, पांढरकवड्याहून आत, जंगलाले खेटून. माहं दुकान पांढरकवड्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, कॉम्प्युटर रिपेरिंगचं. ‘अपेक्षा कॉम्प्युटर’ असा बोर्ड हाये. माय, म्हणजे इंदूबाई, गावातच राह्यते. किती वेळा म्हणलं, ये दुकानामागच्या खोलीत, पंखा हाये, नळ हाये. नाही. तिले पांढरकवड्याच्या पाण्याले चव लागत नाही, अन् कापूस वेचणीच्या दिवसात घरी बसलं की तिचे हात दुखतात म्हणे. लोकायचे हात काम केल्यानं दुखतात, हिचे बसल्यानं दुखतात.

गावाच्या उगवतीले नाला हाये. नाल्यापलीकडे नागोरावचं कापसाचं वावर, वावरापलीकडे तलाव, अन् तलावापासून जंगल. वावरातून गावात याले दोन रस्ते. एक सरळ नाल्यातून, पायवाट, बाया त्याच वाटेनं जातात-येतात. दुसरा पांदनीनं, पुलावरून, लांबचा फेरा, बैलबंडीचा.

वाघ आमच्याकडे नवा नाही. नवा हाये तो भोंगा. एका संस्थेनं तलावावर, नाल्यात अन् जंगलाच्या कडेनं कॅमेरे बांधले. समोरून काही गेलं की कॅमेरा फोटो काढते, वेळ त्याच्यावर छापते अन् मोबाइलच्या टॉवरवरून पाठवते. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक कॉम्प्युटर ठेवला हाये, तो फोटो पाहून ठरवते, हे डुक्कर हाये, का रोही म्हणजे नीलगाय हाये, का वाघ. वाघ असला की पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजते. मंग एका बाईचा भरलेला आवाज येते, “तलाव, वाघ,” नाहीतर “नाला, वाघ.” वावरातले लोकं काम टाकून घरी पळतात. भोंगा थांबला की वाघ गेला, चला परत कामाले. असा हिशेब.

पह्यले लोकं हसले. मंग एक दिवस भोंगा वाजला, भीमसिंग हसत हसत वावरातच थांबला, अन् त्याच्या डोळ्यासमोर वाघानं त्याचा गोऱ्हा नेला. तवापासून हसणं बंद. बाया त्याले भोंगोबा म्हणाले लागल्या. त्या खोलीवर ध्यान ठेवणारा गोपाल, आमच्याच आळीतला, दोन लेकरायचा बाप, तो रोज सकाळी कॉम्प्युटरले उदबत्ती लावते. दसऱ्याले हळदकुंकू वाहते. मी एकदा सफाई कराले डब्बा उघडला तर पंख्यातून वाटीभर कुंकू निघालं.

“गोपालभाऊ,” मी म्हणलं, “देवाले नैवेद्य दाखवतात, देवाच्या नाकात नाही कोंबत.”

“तुले काय समजते,” गोपाल म्हणे. “आजपर्यंत खोटं बोलला का तो?”

नव्हता बोलला, हे खरं.

यंदा दिवाळी झाल्यावर, ऐन वेचणीत, त्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. गोपालनं फोनवर सांगतलं, आतून टकटक आवाज येऊन राह्यला अन् स्क्रीन काळी. मी म्हणलं, डिस्कच काढून आण. तर तो संध्याकाळी मोटरसायकलवर आला, डिस्क रुमालात बांधून शर्टाच्या आत छातीशी धरलेली. मी ती माह्या मशीनले लावली. टक, टक, टक. ज्या डिस्कमधून असा आवाज येते ती आज हाये, उद्या नाही.

नवी डिस्क होती दुकानात. जुनीतलं सारं जसंच्या तसं नवीत उतरवाचं होतं. ह्या कामात मले नेहमी भेव वाटते, आजही वाटते. मशीन विचारते, कोणतीवरून कोणतीवर? अन् माणूस घाईत उलटं सांगून बसला, तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरल्या डिस्कवर उतरते. सारं धुऊन जाते, मंग कोणाचा बाप भी परत आणू शकत नाही. मी परत परत वाचलं, मंगच बटन दाबलं. काम हळूहळू चाललं होतं, सकाळपर्यंत जाईन असं दिसत होतं.

गोपाल निघाला तवा मी त्याले बजावलं. “भाऊ, आज रातभर भोंगा आंधळा हाये. गावात सांग. साऱ्यायले सांग.”

“सांगतो ना व. मी काय लहान हाये का?”

सकाळी पाहते तर कॉपी झालती. काही जागा वाचता आल्या नाहीत असं मशीन म्हणत होतं, पण फार नाही. मी नवी डिस्क पोळ्यायच्या डब्यात कापडात गुंडाळली अन् स्कूटीनं गाव गाठलं. येता येता घरावरून आली. घराले कुलूप. मी म्हणलं, गेली असन दळणाले.

ग्रामपंचायतीच्या खोलीत गोपाल बसला होता. समोर कॉम्प्युटरचा रिकामा डब्बा, अन् त्याच्यासमोर उदबत्ती. मले हसू आलं. मी खाली बसली, डिस्क जागेवर सरकवली, स्क्रू लावाले घेतला अन् सहज विचारलं, “माय कुठं गेली रे?”

“वेचणीले. नागोरावच्या वावरात. तानाबाई अन् त्या साऱ्याच गेल्या.”

माह्या हातातला स्क्रू खाली पडला.

“भोंगा बंद हाये हे सांगतलं होतं ना तू?”

“सांगतलं ना. ग्रूपवर टाकलं रातीच. हे पाय, अंगठे भी आले.”

“गोपालभाऊ, माह्या मायजवळ बटनाचा फोन हाये अन् तो घरी खुंटीले लटकून राह्यते. तानाबाईजवळ तर तो भी नाही. त्यायनं तुहा ग्रूप कायच्यावर वाचाचा? पऱ्हाटीच्या पानावर?”

“आता मले काय माहीत त्या जातीन म्हणून,” तो म्हणे. “रातभर भोंगा वाजला नाही, म्हणून तर गेल्या ना सकाळीच, बिनधास्त...”

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोललो ते त्याले तवा समजलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाह्यला.

अव माय! भोंगा वाजला नाही म्हणून गेल्या. वाजणार कुठून? त्याचं काळीज माह्या पोळ्यायच्या डब्यात होतं.

“जा,” मी म्हणलं. “आत्ता जा अन् बलावून आण साऱ्यायले.”

“बलावतो, पण ऐकीन कोण? मांगं एकदा गेलतो मी असाच, बिनभोंग्याचा, तर रुखमाबाईनं कमरेची कापसाची ओटी सोडून मले फेकून मारली. किलोवर वेचतात त्या, माह्या शब्दावर कोण उठते? भोंगोबाबिगर कोणी हलत नाही. अन् आठ-दहा दिवसांत वाघाचा एक फोटो नाही. तू हे चालू कर अपेक्षा, तेच लवकर होईन. काही असलं तर वाजीन, नसलं तर चिंता मिटली.”

मले ते पटलं. आता विचार करते तर वाटते, मीच स्कूटीले किक मारून काहून नाही गेली? पण माह्यासमोर मशीन होतं, अन् मशीन मले येते. माणूस भ्याला की जे येते तेच करते.

मी स्क्रू लावला, वायरा लावल्या, बटन दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी झाली अन् वर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली. चालू होण्याजोगी डिस्क सापडली नाही.

“काय म्हणते?” गोपालनं विचारलं.

“म्हणते डिस्कच नाही.”

“अन् हे लावली ते काय हाये?”

“मले नोको विचारू आता.”

वायर काढून परत लावली. तीच ओळ. दुसऱ्या खाचेत लावली. तीच ओळ. हाताले घाम सुटला, वायर बोटातून निसटाले लागली. मनात नाही नाही ते आलं. कॉपी उलटी तर नाही झाली? वाचता आल्या नाहीत त्याच जागा कामाच्या तर नव्हत्या?

मंग आठवलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक गोल सेल असते, घड्याळातल्यासारखा. तो ह्या मशीनचा कधीचाच मेला होता. मेन वायर काढली की हे मशीन सारं विसरते. आज तारीख कोणती, अन् चालू व्हाचं तर कोणत्या डिस्कवरून, काही आठवत नाही त्याले. गोपालनं काल डिस्क काढताना वायर काढली होती. मी सेटिंगमध्ये शिरली. खरंच, मशीन पेनड्राइव्ह शोधून राह्यलं होतं, मंग नेटवर्क शोधत होतं, नव्या डिस्ककडे पाहतच नव्हतं. अन् जुन्या पद्धतीची डिस्क होती, तर हे नव्या पद्धतीनं चालू व्हाले पाहत होतं. दोन्ही बदललं, डिस्कचं नाव वर आणलं. तारीख पाहते तर कोणत्या जमान्यातला एक जानेवारी. मोबाइल पाहून तारीख अन् वेळ टाकली. सेव्ह केलं.

ह्या खेपेला ओळ आली नाही. कंपनीची खूण आली, खाली गोल गोल टिपके फिराले लागले.

“झालं?” गोपाल.

“थांब.”

टिपके फिरले, फिरले, अन् मशीन म्हणे, डिस्क तपासून राह्यलो. खाली आकडा. एक टक्का. दोन टक्के. मी त्याले म्हणलं, कायले तपासते बे, रातभर मीच तपासली! मशीनले शिव्या देऊन काही होत नाही हे मले माहीत हाये, गिऱ्हाइकाले मीच सांगत असते. पण आकडा हलेना.

बसल्या बसल्या मले माय दिसाले लागली. साडीवर माह्या बापाचा जुना शर्ट, डोक्याले दुपट्टा, कमरेले ओटी, पऱ्हाटीत वाकलेली. संस्थेचा जो माणूस कॅमेरे बांधाले आला होता, त्यानं मले चहा पेता पेता सांगतलं होतं, उभा माणूस वाघाले माणूस दिसते, वाकलेला दिसत नाही. वाकलेली बाई त्याले चार पायाचं काहीतरी वाटते. तो अगदी सहज बोलला होता. मी पूर्ण गावाच्या बाया दिवसभर वाकलेल्या पाह्यल्या हायेत, उभी बाई वेचणीत कधी दिसते?

“गोपालभाऊ, मले भेव वाटून राह्यलं,” मी म्हणलं.

त्यानं विझलेली उदबत्ती परत पेटवली. मी ह्या खेपेला हसली नाही.

आकडा शंभरावर गेला. स्क्रीन निळी झाली, मंग गावाच्या देवळाचा तो फोटो आला, जो गोपालनं मागे टाकला होता. चालू झालं! गोपालनं दोन्ही हात जोडले, मले का कॉम्प्युटरले ते मी नाही पाह्यलं. वाघाचा प्रोग्राम आपोआप उघडला. नेटच्या डोंगलचा दिवा लुकलुकाले लागला. रातभराचे फोटो तिकडे कुठंतरी मोठ्या मशीनवर साचून होते, ते एकामागून एक उतराले लागले. रोही. रोही. डुक्कर, मांगं पिल्लं. कोणाची तरी गाय.

अन् भोंगा वाजला.

खोलीच्या खिडक्या थरथरल्या. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. मंग त्या बाईचा थंड आवाज, “तलाव, वाघ. तलाव, वाघ.” स्क्रीनवर तलावाची पाळ होती अन् पाळीवर तो, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे.

खरं सांगते, मले आधी आनंदच झाला. वाजला बाप्पा! मायनं ऐकला असन, निघाली असन.

“आता पाय,” गोपाल ओरडून म्हणे, कारण भोंग्यात ऐकू येत नव्हतं, “तलावाकडे पाठ करून सुटतीन साऱ्या. नाल्यात उतरल्या की घरीच.”

मी फोटोच्या खालची बारीक पट्टी वाचली. वेळ पहाटेची होती.

परत वाचली. पहाटेचीच. बाहेर ऊन चांगलं डोक्यावर येऊन राह्यलं होतं. हा वाघ तलावावर आता नव्हता, तो पहाटे होता. फोटो आत्ता पोचला म्हणून भोंगा आत्ता वाजला. फोटो कधीचा हाये हे तो प्रोग्राम पाहतच नाही, पोचला की वाजवते. हा कॉम्प्युटर रातभर बंद राहीन, असा विचारच कोणी केला नव्हता.

“मंग आता कुठं हाये तो?” गोपालनं विचारलं.

पुढचा फोटो उतरत होता. आमच्याकडे नेट कसं, फोटो वरून खाली पट्ट्या पट्ट्यानं येते. आधी आभाळाचा तुकडा आला. मंग झाडाच्या फांद्या, जाड बुंधा. तो उंबर मी ओळखला, लहानपणी त्याच्याखाली खेळली मी. नाल्यातला उंबर. मंग पाणी. मंग पाण्याच्या काठाले पिवळं अंग, काळे पट्टे. बसून होता. खालची वेळ पाह्यली. मी स्कूटीवर गावात शिरत होती तवाची.

वाघ नाल्यात होता. अन् आम्ही भोंगा वाजवून बायायले नाल्यात पाठवून राह्यलो होतो. तलावावर वाघ नव्हताच. आगीतून फुफाट्यात म्हणतात, इथं तर आग नसतानी फुफाट्यात ढकललं मी माह्या मायले. कराले गेली गणपती अन् झाला मारोती.

“नाला म्हणून काहून सांगत नाही ते?” गोपाल ओरडला.

“एक भोंगा संपल्याबिगर दुसरा वाजत नाही. बंद कर हा, मले मायक दे.”

“बंद नोको करू!” त्यानं माहा हात धरला. “थांबला तर बाया समजतीन वाघ गेला. मंग नाल्यात हातपाय धुवाले बसतीन त्या, रोजच्यासारख्या.”

तो खरं बोलत होता, हेच तर वाईट होतं. वाजत ठेवला तर पळत नाल्यात येतीन, थांबवला तर आरामात नाल्यात येतीन. अन् भोंगा अन् मायक एकाच मशीनवर, एका टायमाले एकच बोलते. मी त्याचा हात झटकला अन् खटका ओढला. भोंगा बंद झाला. गावात एकदम सामसूम झाली.

मायक तोंडाशी धरला. ग्रामपंचायतीचा मायक, त्याच्यावर गोपाल पाणीपट्टीची सूचना सांगते तो. मी म्हणलं, “नाल्यात उतरू नका. वाघ नाल्यात हाये. पांदनीनं या, पुलावरून या. नाल्यात उतरू नका.” टाकीवरून माहा आवाज गावावर गेला, परत येऊन मलेच ऐकू आला. एवढं नीट बोलली मी. मंग परत सांगाले तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. रडूच फुटलं. “माय,” मी म्हणलं. “माय व! माय...” बस. दुसरं काही येईच ना. मायक तोंडाशी, अन् मी हंबरडा फोडून रडून राह्यली, अन् ते सारं टाकीवरून साऱ्या शिवारात.

गोपालनं मायक काढून घेतला, त्यानं भी दोनदा-चारदा ओरडून सांगतलं. मंग जनावरं हाकलाले कोपऱ्यात ठेवलेली सुतळी बॉम्बची थैली उचलली अन् चौकातल्या माणसायले हाका मारत नाल्याकडे पळाला.

मी एकटी उरली. मले वाटलं, ऐकलं असन तिनं. माहा आवाज तिनं नाही ओळखला तर कोण ओळखीन? पांदनीनं येत असन. फेरा लांब हाये, वेळ लागीनच. मी दाराकडे पाहे, मंग स्क्रीनकडे पाहे.

स्क्रीनवर नवा फोटो उतराले लागला. नाला. तोच उंबर, त्याच फांद्या. मी डोळे मिटले. उघडले तर दुपट्टा दिसत होता. मंग शर्टाची कॉलर. मंग पूर्ण माय. ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, तोंड उघडं, पळता पळता कॅमेऱ्यात सापडलेली. एकटी. वेळ काही मिनिटांपूर्वीची होती, मायकवर सांगतल्यानंतरची.

मी त्या फोटोले मोठ्यानं म्हणलं, “नाही म्हणलं होतं ना मी! नाल्यात उतरू नको म्हणलं होतं!”

तेवढ्यात दारात बाया आल्या, पांदनीनं आलेल्या, धापा टाकत. पुढं तानाबाई होती, तिच्या तोंडाले फेस आला होता. मी मोजत नव्हती, मी फक्त शर्ट शोधत होती. शर्ट नव्हता.

“माय कुठं हाये?”

“अव पोरी,” तानाबाई दाराले धरून खालीच बसली, “आम्ही साऱ्या पांदनीले लागलो. तू सांगतलं ते ऐकलं ना आम्ही. तिनं भी ऐकलं. पांदनीलेच लागली होती ती आमच्यासंगं. मंग तू रडाले लागली. तर ती थांबली. म्हणे, माही पोरगी रडून राह्यली. मी तिचा हात धरला, म्हणलं इंदूबाई, नाल्यात वाघ हाये, तुही पोरगीच सांगून राह्यली. तर हात झटकला अन् सरळ नाल्याकडे पळाली. म्हणे, पांदनीनं वेळ लागते.”

मंग मी कशी उठली, चप्पल घातली का नाही, मले सांगता येणार नाही. पळत सुटली. माह्या रडण्यानं माय मेली, एवढंच डोक्यात. शब्द बोलली तोवर ती वाचली होती, रडली अन् मारली.

नाल्याच्या काठाले गोपाल अन् चार-पाच माणसं काठ्या घेऊन उभी होती. कोणी खाली उतरत नव्हतं. गोपालच्या एका हातात बॉम्ब, दुसऱ्या हातात काडीपेटी, अन् दोन्ही हात तसेच.

“फोड ना!” मी म्हणलं.

“अन् तो बिथरून तुह्या मायकडेच सुटला तर?” तो म्हणे. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. “तूच सांग, फोडू का नोको फोडू?”

खाली झुडुपात काही दिसत नव्हतं. एक पाखरू बोलत नव्हतं. मी “माय” म्हणून हाक माराले तोंड उघडलं अन् हातानं दाबून धरलं, माह्या आवाजानं आता अजून काय होईन याचंच मले भेव वाटत होतं.

मंग झुडूप हललं. साऱ्यायनं काठ्या उचलल्या.

माय वर आली.

एका पायात चप्पल नव्हती. ओटी तशीच भरलेली, दोन बोंडं खाली पडली तर तिनं वळून पाह्यलं नाही. बाकी कोणाकडे पाह्यलंच नाही तिनं. सरळ माह्याजवळ आली, माहं तोंड धरलं, मंग खांदे, मंग हात उलटेपालटे करून पाह्यले.

“काय झालं तुले? शॉक लागला का त्या मशीनचा? कोणी मारलं?”

“मले काही नाही झालं व माय.”

“मंग एवढी काहून रडून राह्यली होती, गावभर?”

मी म्हणलं, “माय, नाल्यात वाघ होता.”

“हाये ना,” माय म्हणे. “उंबराखाली हाये. पाह्यलं मी त्याले.”

गोपालच्या हातातली काडीपेटी खाली पडली.

“पाह्यलं?” मी ओरडलीच. “त्यानं पाह्यलं तुले?”

“पाह्यलं. उठून उभा राह्यला. मी भी तशीच उभी राह्यली, तो खाली बसेस्तोवर.”

“मंग माघारी काहून नाही फिरली तू?”

मायनं माह्याकडे असं पाह्यलं, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं.

“माघारी कुठं फिरू व?” ती म्हणे. “तू तर इकडे होती.”